निनावी तक्रारदार ड्वेन टॉर्गरसन

मुलगा कॉलेजच्या फ्रॅटर्निटीत गेला की आईबापांना काय काय माहीत असायला हवं, यावर विद्यापीठाने एक आठ पानी माहितीपत्रक काढलं आहे. ते सगळ्या पालकांना घरपोच येतं. ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला माणूस अख्ख्या आयोवा राज्यात एकच असावा, आणि पुढचा सगळा घोटाळा त्याच्यामुळेच झाला. (मी.)

माझाही तसा इलाज नव्हता. एकवीस वर्षं मी आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीत गाड्यांच्या नंबरप्लेटच्या खिडकीवर बसतो. छापील कागद हातात आला की तो वाचायचा, चौकोन असतील तर त्यांत खुणा करायच्या आणि खाली सही करायची, हे माझ्या हातून आपोआप होतं. एकदा चर्चमध्ये प्रार्थनेचा कागद वाटला होता, त्यावरही मी सही करून तारीख घातली होती.

आमचा अँडर्स सप्टेंबरात विद्यापीठात गेला आणि महिन्याभरात त्याला एका फ्रॅटर्निटीने उमेदवार म्हणून घेतलं. म्हणजे दारावर तीन ग्रीक अक्षरं लावलेलं एक भलंमोठं घर, आणि त्यात एकमेकांना भाऊ म्हणत राहणारी चाळीस मुलं. उमेदवाराने दोन महिने भावांच्या मर्जीत राहायचं, मग डिसेंबरात दीक्षा, मग तोही भाऊ. ही बातमी ऐकून मला आनंद झाला त्याहून जास्त आश्चर्य वाटलं. अँडर्स शाळेत बँडमध्ये ट्युबा वाजवायचा. ट्युबा हे वाद्य एवढं मोठं असतं की वाजवणाऱ्याच्या शेजारी कुणी बसू शकत नाही, आणि अँडर्सच्या शेजारी चार वर्षं कुणी बसलं नाही. दुपारचा डबा तो बँडच्या खोलीत, त्या वाद्याच्या सोबतीने खायचा. हे मला त्याने नाही, शाळेच्या झाडूवाल्याने सांगितलं होतं. तेव्हापासून मला त्या पोराची काळजी वाटते, आणि काळजी वाटली की मी कागद वाचतो.

माहितीपत्रकाच्या पाचव्या पानावर 'आपल्या मुलाचं रॅगिंग होत असल्याची बारा लक्षणं' होती. प्रत्येकासमोर एक चौकोन होता.

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला अँडर्स चार दिवसांसाठी घरी आला. गुरुवारी दुपारी टर्की टेबलावर आली. अँडर्सने आईची खुर्ची मागे ओढली. आर्लिसला, म्हणजे माझ्या बायकोला, वाटलं त्याला तिथे बसायचंय, म्हणून ती दुसऱ्या खुर्चीकडे गेली. त्याने तीही ओढली. शेवटी ती बसली तेव्हा टर्की निवायला आली होती.

"अँडर्स, बटाटे घे," मी म्हणालो.

"आधी आईने घ्यावेत, सर."

मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

जेवण झाल्यावर त्याने टर्कीचं तेलकट भांडं घासलं. कुणी न सांगता, आतून आणि बाहेरून. आर्लिसच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाने, असं ती म्हणते. मी आत जाऊन तीन चौकोनांत खुणा केल्या: बोलण्यात अचानक बदल, दुसऱ्यांची कामं करणे, आणि घरातलं वातावरण भावनिक होणे.

दुसऱ्या दिवशी तो सकाळी सहाला उठला. (हा तोच मुलगा, जो शाळेला उशीर होईल म्हणून कपडे घालूनच झोपायचा.) अंथरूण असं ताणून घातलं होतं की मांजर त्यावरून घसरलं. खिशात एक छोटी वही होती, ती तो बागेत एकटा फिरत पाठ करायचा आणि मी जवळ गेलो की मिटायचा.

"हे सगळं तुला कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"सांगता येत नाही, सर."

"का?"

"का, तेही सांगता येत नाही."

"पण तू बरा आहेस ना?"

"मस्त आहे."

पान सहा, वरून दुसरी ओळ: मुलगा 'मस्त आहे' म्हणाला तर त्यावर विसंबू नये.

शनिवारपर्यंत अकरा चौकोन भरले. उरला बारावा, अंगावरच्या जखमा. आता अठरा वर्षांच्या मुलाला शर्ट काढ कसं म्हणायचं? मी आर्लिसने विणलेला स्वेटर आणला आणि 'मापाला होतो का बघ' म्हटलं. त्याने शर्टावरूनच घातला. मी म्हटलं, असं माप नीट कळत नाही. त्याने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं आणि शर्ट काढला. उजव्या खांद्यावर, मानेच्या जरा खाली, एक लालभडक त्रिकोणी डाग होता.

मी आर्लिसला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"त्यांनी त्याला डाग दिलाय. ढोरांना देतात तसा. त्रिकोणी. त्रिकोण म्हणजे ग्रीक डेल्टा."

"त्यांच्या घराच्या नावात डेल्टा आहे?"

मी पत्रकातली घरांची यादी पाहिली. नव्हता. म्हणजे डाग दिला होता तो दिला होता, वर चुकीच्या अक्षराचा दिला होता. माझं रक्त आणखीच खवळलं.

"इस्त्रीचा दिसतोय मला," आर्लिस म्हणाली. ती शाळेची बस चालवते, त्यामुळे मुलांच्या बाबतीत तिला कशाचंच काही वाटत नाही.

"अँडर्स आणि इस्त्री?"

"मग त्याला विचार. तुझ्या त्या कागदात काय लिहिलंय? घाबरू नका, फोनाफोनी करू नका, आधी मुलाशी बोला."

"मी घाबरलेलो नाही."

"ड्वेन, तू एकावर एक दोन चष्मे घातलेयस."

रविवारी अँडर्स परत गेला. जाताना माझा हात हातात घेऊन, डोळ्यांत बघून म्हणाला, "येत्या शनिवारी दोनला दीक्षा आहे. आईवडिलांना बोलावलंय. याल ना?" मला तो निरोप कसायाकडे निघालेल्या कोकरासारखा वाटला.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी खिडकीवर 'बंद' ची पाटी लावली आणि पत्रकाच्या शेवटच्या पानावरचा नंबर फिरवला. निनावी तक्रारीसाठी, चोवीस तास. पलीकडे रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज होता. आपलं नाव सांगायची गरज नाही, ती म्हणाली. मी बारा लक्षणं क्रमाने सांगितली. मग फोन ठेवला. पण मनाला बरं वाटेना. एकवीस वर्षं मी अर्धवट भरलेले फॉर्म लोकांच्या तोंडावर परत केलेत. मी पुन्हा फोन लावला आणि माझं नाव, आडनावाच्या स्पेलिंगसकट, पत्ता आणि गाडीचा नंबर सांगितला.

मंगळवारी दुपारी मला कचेरीत फोन आला.

"विद्यापीठातून मिस पेटिग्रू बोलतेय. ते निनावी तक्रारदार आपणच का?"

"हो, बोलतोय."

आपली तक्रार फार पद्धतशीर आहे, असं त्या म्हणाल्या. एरवी असं कौतुक मला कुठे मिळतं, म्हणून मी आभार मानले. त्या घराचे सगळे कार्यक्रम आजपासून थांबवले आहेत, गुरुवारी सुनावणी आहे, असं सांगून त्यांनी फोन ठेवला. 'सगळे कार्यक्रम' म्हणजे कोणते, ते मला संध्याकाळी कळलं.

संध्याकाळी अँडर्सचा फोन आला. आर्लिसने तो स्पीकरवर टाकला. या वेळी तो सर वगैरे काही म्हणाला नाही.

"बाबा, शनिवारी येऊ नका. कुणीतरी तक्रार केलीय. आमचं घर रॅगिंग करतं म्हणून. गुरुवारी सुनावणीत अडकलो तर घर वर्षभर बंद, आणि आम्ही नऊ उमेदवार बाहेर."

"कुणी केली असेल रे?" मी विचारलं. (हे मी का विचारलं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.)

"निनावी आहे. पण जो कोण असेल ना, त्याला एक मुलगा असू दे आणि त्या मुलाचं कुणीतरी असंच वाटोळं करू दे."

"हो," मी म्हणालो.

"मला परत त्या वसतिगृहाच्या खोलीत एकट्याने जेवायचं नाहीये, बाबा." आणि त्याने फोन ठेवला.

आर्लिस माझ्याकडे बघत राहिली. बारा वर्षं बसच्या आरशातून पोरांकडे बघून तिची नजर अशी तयार झाली आहे की माणूस आपोआप जागेवर बसतो. मी बसलो आणि सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. "तू मोडलंस, तूच जोड," एवढंच म्हणाली आणि भांडी घासायला गेली. मला भयंकर लाज वाटली. चार वर्षं ज्याच्या शेजारी कुणी बसलं नाही, त्याला चाळीस जण मिळाले होते, आणि मी एका दुपारच्या सुट्टीत त्यांना पांगवलं होतं.

बुधवारी मी मिस पेटिग्रूंना फोन केला आणि तक्रार मागे घेतो म्हणालो.

"एकदा नोंदली की ऐकल्याशिवाय काढता येत नाही," त्या म्हणाल्या. हे वाक्य मी स्वतः रोज दहा वेळा म्हणतो. ऐकणाऱ्याला ते कसं लागतं, याची मला कल्पना नव्हती. "तुम्ही या आणि स्वतः सांगा. तुम्हाला पडद्याआड बसवू. कुणाला काही कळणार नाही."

"मी आवाज बदलून बोललो तर चालेल?"

"तुमची मर्जी."

गुरुवारी आर्लिस गाडी चालवत होती आणि मी शेजारी बसून दोन तास आवाज बदलायचा सराव करत होतो. कापलेल्या मक्याची रिकामी शेतं बाजूने जात होती. मी एक जाडाभरडा, घोगरा आवाज पक्का केला. आर्लिसने मला खोकल्याची गोळी दिली.

सुनावणीची खोली लहान होती. मला मागच्या दाराने नेऊन घडीच्या लाकडी पडद्यामागे बसवलं. पडद्याच्या फटीतून दिसत होतं. मिस पेटिग्रू टेबलाशी, समोर कोट-टाय घातलेले नऊ उमेदवार, अँडर्स कडेला, आणि त्यांच्या पुढे मोत्यांची माळ घातलेली एक ताठ म्हातारी. ती ट्रेगरबाई, त्या घराची हाऊस-मदर. घरात राहून चाळीस मुलांचं जेवणखाण आणि वळण बघणारी.

मिस पेटिग्रूंनी माझी यादी वाचायला घेतली. दुसऱ्याच कलमाला ट्रेगरबाई उठल्या.

"वेळ वाचवू या का? हे सगळं मी करते."

"सगळं?"

"वाचा पुढे."

"पहाटे उठवणे."

"सहाला. घंटी वाजवून. पहाट कसली त्यात?"

"भांडी घासायला लावणे."

"मी घासू? चौऱ्याहत्तर वर्षांची आहे मी."

"मुलं एक गुप्त वही पाठ करतात."

"आईचा वाढदिवस, बापाचा वाढदिवस, आजीआजोबांचे, आणि आभाराचं पत्र कसं लिहायचं ते. चार पोरांना स्वतःच्या आईची जन्मतारीख ठाऊक नव्हती. हा छळ असेल तर मी छळ करते, लिहून घ्या."

"मग मुलं घरी सांगत का नाहीत?"

"शनिवारी आईबाप येणार, त्यांना आपोआप दिसावं म्हणून. पोरांनी गंमत ठेवली होती. कुणातरी शहाण्याला ती सहन झाली नाही."

पडद्यामागचा शहाणा खुर्चीत खाली खाली सरकत होता.

"आता शेवटचं," मिस पेटिग्रू म्हणाल्या. "एका उमेदवाराच्या खांद्यावर तापलेल्या लोखंडाने ग्रीक अक्षराचा डाग. डेल्टा."

खोलीत सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग कडेला अँडर्स उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"तो माझा आहे. मी शर्ट अंगात ठेवूनच कॉलरला इस्त्री करत होतो."

ट्रेगरबाईंनी डोळे मिटून घेतले.

"पण मॅम," अँडर्स जरा थांबून म्हणाला, "हे बाहेरच्या कुणाला कसं कळलं? तो डाग मी घरातल्या भावांनाही दाखवला नव्हता. तो फक्त..."

त्याचं वाक्य पुरं झालं नाही, कारण त्याला शिंक आली. अँडर्स लहानपणापासून घाबरला की शिंकतो, आणि एकदा सुरू झाला की तीन शिंका देतो. मी त्या मोजल्या. तिसरी झाली आणि शिंकणाऱ्याला म्हणायच्या अठरा वर्षांच्या सवयीने, माझ्या स्वतःच्या चोख आवाजात, मी पडद्यामागून म्हणालो, "देव तुझं भलं करो, अँडर्स."

खोलीतल्या सगळ्या माना पडद्याकडे वळल्या.

"बाबा?" अँडर्स म्हणाला.

"नाही," मी घोगऱ्या आवाजात म्हणालो.

मिस पेटिग्रूंनी स्वतः उठून पडदा बाजूला केला. तक्रार मागे घेण्याचा फॉर्म एका पानाचा होता. नाव, पत्ता सगळं भरलं. 'कारण' या रकान्यापाशी माझं पेन अडलं. एवढ्या वर्षांत लोक माझ्या खिडकीसमोर असे अडलेले मी पाहिले होते आणि त्यांना घाई करा म्हणालो होतो. शेवटी लिहिलं: मी त्याचा बाप आहे. मिस पेटिग्रूंनी ते वाचलं, शिक्का मारला आणि घरावरची बंदी उठवली.

बाहेर व्हरांड्यात अँडर्स भिंतीला टेकून उभा होता. बाकीची आठ मुलं लांब जाऊन, आमच्याकडे बघत नसल्यासारखी बघत होती.

"मी परवा फोनवर शाप दिला तेव्हा तू हो म्हणालास," तो म्हणाला.

"मला तो बरोबर वाटला."

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं होतं. तू मस्त आहे म्हणालास."

"मी मस्तच होतो, बाबा. आयुष्यात पहिल्यांदा होतो. तुला ओळखू आलं नाही एवढंच."

मला भीती वाटली होती, एवढं तरी सांगायचं होतं, पण तोंडात खोकल्याची गोळी होती. तो निघाला. दहा पावलं जाऊन थांबला.

"शनिवारी दोनला. कोट घालून ये."

शनिवारी आम्ही दीडलाच पोचलो. दिवाणखान्यात खुर्च्या मांडल्या होत्या. मी तिसऱ्या रांगेत, जिथे माझा त्रास कमीत कमी लोकांना होईल अशा जागी बसलो. तिथे मला कळलं की दीक्षेच्या शेवटी प्रत्येक मुलाला घराची पिन लावतात आणि ती कुणी लावायची, ते मुलाने ऑक्टोबरातच लिहून दिलेलं असतं. बहुतेक जण आईचं नाव देतात. नाव बदलायचं असेल तर आदल्या दिवशीपर्यंत ट्रेगरबाईंना सांगायचं. मी आर्लिसला म्हणालो, तुझी पर्स मी धरतो, तू तयारीत राहा.

"अँडर्स टॉर्गरसन," ट्रेगरबाईंनी वाचलं. मग चष्म्यावरून खोलीभर नजर फिरवून ती माझ्यावर रोखली. "पिन लावणार, वडील."

मी आर्लिसची पर्स घेऊनच पुढे गेलो. एका हातात पर्स असल्यामुळे दोन मिनिटं पिन कोटात शिरेना. अँडर्सने मानही हलवली नाही. त्याने शर्टाला झकास इस्त्री केली होती. "उलटी लागलीय," तो ओठ न हलवता म्हणाला. "काढू?" मी विचारलं. "राहू दे," तो म्हणाला. मी तिथेच, चाळीस पोरं आणि त्यांच्या आईबापांसमोर, पर्सने डोळे पुसले. त्याची मला बिलकुल लाज वाटली नाही.

मग केक आणि सरबत झालं. एक एक पोरगा येऊन अदबीने हस्तांदोलन करून, नाव सांगून जात होता. सगळ्यांच्या तोंडावर एकच दाबलेलं हसू होतं.

"हे मला बघून हसतायत का?" मी अँडर्सला विचारलं.

"तसं नाही. काल रात्री जेवताना मतदान झालं. सगळ्या भावांच्या वडिलांत सर्वांत तापदायक वडील कोण."

"आणि मी पहिला आलो."

"नाही, दुसरा. पहिले टोबायसचे वडील. ते तुरुंगात आहेत."

माझ्या छातीवरचं मोठं ओझं उतरलं. परतीच्या वाटेवर मी आर्लिसला हे मतदानाचं सांगितलं. चाळीसात दुसरा म्हणजे काही अगदीच वाईट नाही, त्यातून पहिला माणूस तुरुंगात आहे, तेव्हा बाहेर असलेल्यांत... इथे मी थांबलो, कारण हिशेब माझ्या विरुद्ध चालला होता.

आर्लिस गाडी चालवत होती. पाचसहा मैलांवर तिने गाडीचे दिवे लावले.

"त्यांनी काय केलं होतं?" तिने विचारलं.

"कुणी?"

"टोबायसच्या वडिलांनी."

"बँक लुटली होती म्हणे."

तिने आरसा नीट केला.

"त्या माणसावर जरा अन्यायच झाला," ती म्हणाली.